दोन काळ्या वायरी

१

चिमीनं बटण दाबलं. कंप्युटरच्या डब्यात कुठेतरी ‘टक्’ झालं, पंख्यानं जेमतेम मान हलवली आणि सगळं चिडीचूप झालं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच टक्.

“काल तर नीट चालत होता,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, आपली अशीच.

काल खरंच चालत होता. संध्याकाळभर चालला होता. आज फक्त जुनी डिस्क जोडायची होती, आणि तेवढ्यासाठीच आत्या सकाळची गाडी पकडून आली होती. आत्या म्हणजे चिमीच्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. जन्मभर विमा कंपनीत जळालेली दुकानं नि गोदामं तपासत हिंडली, म्हणून भाचरांनी तिचं नाव पाडलं होतं पंचनामा आत्या. तोंडावरसुद्धा तेच म्हणायची, इतकी ती लाडावलेली.

ही खोली म्हणजे आत्याच्या वहिनींच्या, चिमीच्या आईच्या, गाण्याच्या क्लासची खोली. आता तिथे त्यांचा पलंग होता. गेल्या वर्षी एका सकाळी अर्धांगवायूनं वहिनींचा उजवा हात गेला आणि त्याच्यासोबत बोलणंही गेलं. कळायचं सगळं, पण शब्द ओठांवर यायचा नाही. हो की नाही, एवढं मानेनं सांगायच्या. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, “बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधीकधी शिल्लक असतं. त्यांचाच आवाज त्यांना ऐकवा. त्याच्याबरोबर गाऊ द्या.”

वहिनींचा आवाज होता एकाच जागी. चिमीच्या भावाच्या, दादाच्या, जुन्या कंप्युटरमधल्या डिस्कवर, वर्षानुवर्षांच्या क्लासची रेकॉर्डिंगं. तो कंप्युटर केव्हाच गचकला होता. डिस्क तेवढी काढून ठेवलेली. तिची दुसरी प्रत? करायचीच होती. आज करू, उद्या करू. नवा कंप्युटर झाला की पहिलं काम तेच, असं चिमी म्हणायची.

आणि नवा कंप्युटर तिनं दुकानात बोट दाखवून आणला नव्हता. लग्न जुळवतात तसा एकेक भाग पारखून जुळवला होता. प्रोसेसर गेल्या पिढीचा, कारण नव्याचा नुसता रुबाब, आवाज साफ करायच्या कामात फरक शून्य. त्या प्रोसेसरच्या बैठकीला चालेल असाच मदरबोर्ड. त्या बोर्डाला चालेल अशीच मेमरी. पंखे मुके, कारण रेकॉर्डिंगमागे घरघर नको. रंगीत दिव्यांना तिनं साफ नकार दिला, आणि तिथे वाचलेलं सगळं घातलं पॉवर सप्लायमध्ये. “सगळ्यांना जेवू घालणारा तोच,” ती म्हणायची. “तिथे हात आखडला की घर उपाशी.” हे सारं तिनं जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितलं होतं, की शिवणकामात हयात घालवलेल्या अण्णांनासुद्धा कुठलं काय कुठे बसतं ते पाठ झालं होतं. काल जोडणी चालली तेव्हा बॅटरीचा उजेड धरून तेच तर उभे होते.

चिमीनं डिस्कची वायर काढली आणि बटण दाबलं. कंप्युटर झक्क सुरू झाला. वायर लावली, पुन्हा टक्. तिनं डिस्क उलटी केली. हिरव्या पट्टीवर तिळाएवढा काळा डाग होता.

“जळलीय,” ती म्हणाली. मग हातातल्या काळ्या वायरीकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आत्या, ही माझी वायर नाहीये.”

२

भानगड अशी, की या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या येतात. लागतील तेवढ्या लावायच्या, बाकीच्या पिशवीत ठेवायच्या. आणि एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या सप्लायमध्ये अगदी छान बसते. बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. जिथे थोडी वीज जायची तिथे दुप्पट जाते, आणि डिस्क मरते.

“माझ्या वायरीच्या टोकाला कंपनीचं नाव छापलंय. ही कोरी आहे. ही दादाच्या जुन्या कंप्युटरची.” चिमीचा आवाज चढत चालला. “माझी वायर या पिशवीत होती. काल संध्याकाळी मी स्वतः ठेवली. मग ही कुठून आली?”

दादाच्या पलंगाखाली त्याच्या जुन्या सामानाचं खोकं होतं. चिमी तीरासारखी तिकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत दुसरी काळी वायर होती, टोकाला नाव छापलेली.

“तुझ्या पलंगाखाली सापडली!” तिनं ती दादाच्या अंगावर फेकली. “तूच म्हणाला होतास ना, आईला ते ऐकवू नका म्हणून?”

दादा तसं म्हणाला होता, हे खोटं नव्हतं. आपण काय गमावलं ते आईला नव्यानं कळेल, तिचं काळीज फाटेल, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता मात्र त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

“बोल की!”

“तुला जे समजायचं ते समज,” तो एवढंच म्हणाला.

“समजले. उद्या मी आईला घेऊन वेगळी राहते. या घरात ती एक दिवससुद्धा राहणार नाही.”

वहिनींनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णा उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. बायकोकडे न बघताच ते आतल्या खोलीत निघून गेले, आणि थोड्या वेळानं तिथून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला.

आत्याला भरून आलं. तिचा एकुलता भाऊ, त्याची ही दोन पोरं, आणि ती डोळ्यांदेखत उसवत चालली होती. पण रडत बसणं हा तिचा धंदा नव्हता.

“चिमे, बॅग भरायची तर खुशाल भर,” ती म्हणाली. “पण संध्याकाळपर्यंत कुणी उंबऱ्याबाहेर सामान काढायचं नाही. तोवर मी जरा नाक खुपसते. आणि मला एक सांग. तू बटण दाबलंस तेव्हा जळल्याचा वास आला का गं?”

चिमी आठवत राहिली. “वास? नाही. वास नाही आला.”

“मलाही नाही आला,” आत्या म्हणाली. “आणि माझं नाक जळालेल्या गोष्टींवरच पोसलंय.”

३

चिमीच्या संशयाच्या यादीत दादाखालोखाल होता कोपऱ्यावरचा दुकानदार. सगळं स्वस्तात देतो म्हणून त्याला स्वस्तराव म्हणत. काल संध्याकाळी तो कंप्युटर बघायला म्हणून आला होता, आणि चिमी चहा टाकायला गेली तेवढा वेळ त्या खोलीत होता.

आत्या दुकानात शिरली तेव्हा स्वस्तराव उघड्या कंप्युटरवर फुंकर मारत होता.

“तुमच्या भाचीनं माझ्याकडून एक स्क्रूसुद्धा घेतला नाही,” त्यानं आल्याआल्या गाऱ्हाणं घातलं. “मी तिला अख्खा सेट देत होतो. प्रोसेसर, बोर्ड, सप्लाय, वर दिवे फुकट! तर म्हणे, तुमच्या बोर्डावर माझा प्रोसेसर आधी अपडेट केल्याशिवाय चालणार नाही. मलाच शिकवते!”

“मग? चालला असता का?”

स्वस्तराव घुटमळला. “अपडेट करून दिलं असतं की. नातं जपतो मी.”

“राग आला असेल.”

“आला ना. म्हणून काय वायरी बदलेन? बाईंकडे माझी पोरगी गाणं शिकलीय हो. तिचाही आवाज त्या डिस्कवर आहे.” तो खरोखर दुखावला होता. “आणि वायरीचं एवढं काय घेऊन बसलात? वायर ती वायर. बसली की चालली! काल तुमच्या घरात उभं राहून मी हेच सांगितलं, उगाच महागाचे लाड कशाला म्हणून.”

“कोणाला सांगितलंत?”

“सगळ्यांनाच. म्हणजे चिमी आत होती, दादा फोनवर होता. पण सांगितलं.”

परत येताना आत्यानं वाटेत दोनदा स्वतःशीच मान हलवली.

घरी दादा गच्चीवर एकटाच उभा होता.

“तुझं जाऊ दे,” आत्या म्हणाली. “तू बोलणार नाहीस, ते मला कळलंय. फक्त एक सांग. मी आले तेव्हा या मरणाच्या थंडीत आईच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती, वर पंखा गरगरत होता, आणि तुझी आई दोन शाली पांघरून बसली होती. मी विचारलं तर तू म्हणालास, मीच उघडली, कोंदट झालं होतं. इतकं कसलं कोंदट?”

दादानं मान फिरवली. “झालं होतं.”

“सकाळी घरात कोण होतं?”

“चिमी आईसाठी हेडफोन आणायला गेली होती. मी पळायला. परत मी आधी आलो.”

“आणि तू आलास तेव्हा कोंदट होतं.”

“आत्या, पुरे कर,” दादा कळवळून म्हणाला. “कुणाचं भलं होईल असलं काही तुझ्या हाती लागणार नाही. मी केलं म्हण आणि मोकळी हो.”

वहिनींजवळ आत्या खाली जमिनीवरच बसली. त्यांचा डावा हात तिनं हातात घेतला.

“वहिनी, तुम्ही पाहिलंत ना?”

मान हलली. हो.

“दादानं केलं?”

नाही, नाही, नाही. इतक्या जोरात, की शाल खांद्यावरून घसरली. दारातून चिमी म्हणाली, “आई ती. लेकाला पाठीशी घालणारच.”

“मग कोणी केलं? स्वस्तरावानं?”

नाही.

“मग?”

वहिनींनी डोळे मिटून घेतले. गच्च. आत्यानं वाट पाहिली, पण ते काही उघडेनात.

“चिमे, यांची खुर्ची कायम खिडकीशी असते. आज टेबलाशी तू आणलीस?”

“नाही. मी हेडफोन घेऊन आले तेव्हा इथेच होती.” चिमीनं खांदे उडवले. “दादानं आणली असेल.”

आत्या उठली आणि आतल्या खोलीत भावाकडे गेली. अण्णा वहिनींच्या जुन्या दुलईला ठिगळ लावत होते. आत्यानं येताना त्यांच्यासाठी नव्या दोऱ्याचं रीळ आणलं होतं, ते तसंच बाजूला पडलेलं.

“ते वापर की रे. चांगलं पक्कं आहे.”

“पक्कं आहे म्हणूनच नको,” अण्णा मान वर न करता म्हणाले. “जुन्या कापडाला नवा दोरा लावला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. जुन्याला जुनंच लागतं.” उसवलेला जुना दोरा ते अंगठ्यात नि करंगळीत आठच्या आकड्यासारखा गुंडाळत होते. शेवटचं टोक मध्ये फिरवून खोचलं, आणि गुंडी मांडीवर ठेवली. लहानपणापासून ते असंच गुंडाळायचे. दोरी असो, नाडी असो, पतंगाचा मांजा असो.

आत्यानं ती गुंडी निरखून पाहिली.

“सकाळी तू कुठे होतास, अण्णा?”

“इथेच. शिवत होतो.”

आत्या क्षणभर तिथेच उभी राहिली. गप्प बसावं, गाडी पकडावी आणि घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं. मग बाहेर चिमीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

४

“सगळे या खोलीत या,” आत्या म्हणाली. “अण्णा, तूसुद्धा.”

सगळे आले. दादा भिंतीला टेकला, चिमी पाठ फिरवून उभी राहिली. आत्यानं टेबलावरची ती कोरी वायर उचलली.

“माझं काम आगीचं. आगीत पहिला प्रश्न असतो, केव्हा लागली? चिमीनं बटण दाबलं तेव्हा ना वास, ना धूर. म्हणजे डिस्क तेव्हा जळली नाही. ती आधीच जळलेली होती. वास आला होता तो सकाळी, म्हणून तर खिडकी उघडली, पंखा लावला. दादानं वास घालवला, पण डिस्क काही त्यानं जाळली नाही.”

“हे कशावरून?” चिमी.

“तुझ्या भावाला ही डिस्क नको असती, तर हातातून खाली सोडली की काम फत्ते. कंप्युटर चालू करायची गरजच काय? चालू कोण करतं? ज्याला ऐकायचंय तो. आणि तुझ्या आईची खुर्ची टेबलाशी होती. कुणीतरी तिला आवाज ऐकवायला बसवलं होतं, चिमे. डिस्क मारायला नाही, वाजवायला.”

चिमी हळूच वळली.

“मग चुकीची वायर का? कारण त्याला वाटलं, हीच बरोबर. जुनी डिस्क या जुन्या वायरीवर वर्षानुवर्षं चालली, मग तिला नवी वायर कशाला, फाटेल ना! त्यात स्वस्तराव सांगून गेलेला, बसली की चालली. ती बसली. ठप्प झालं, धूर आला. घाबरून आवरताना दोन्ही काळ्या वायरी उलटसुलट झाल्या. नवी गेली खोक्यात, जुनी आली पिशवीत. चिमी, तू तुझ्या वायरी कशा ठेवतेस?”

“केसांचे रबर लावून.”

“ही बघ कशी होती. मघाशी तू पिशवीतून काढलीस, तेव्हाचा पीळ अजून गेलेला नाही.”

वायर मधोमध आठच्या आकड्यात वळलेली होती. आत्यानं अण्णांच्या मुठीतून दोऱ्याची गुंडी सोडवून घेतली आणि तिच्याशेजारी ठेवली. एक जाड, एक बारीक, पण वळण तेच.

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अण्णा,” ती म्हणाली.

अण्णा पलंगाच्या काठावर बसले.

“तिला आधी एकटीला ऐकवायचं होतं,” ते म्हणाले. “तुम्हा सगळ्यांसमोर नको होतं. स्वतःचा आवाज ऐकून तिला रडू आलं असतं, आणि पोरांसमोर ती कधी रडत नाही. माझ्यासमोर रडली असती.” ते थांबले. “मी जपूनच केलं गं. डिस्कला तिचीच जुनी वायर लावली. मला वाटलं, मी जपूनच करतोय.”

“आणि मी दादाला बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प बसलात?” चिमीनं विचारलं.

“तोंड उघडत होतो. शब्दच येईना.” अण्णांनी वहिनींकडे पाहिलं. “हिचं काय होत असेल ते आज कळलं मला.”

चिमी दादासमोर जाऊन उभी राहिली. “तू तरी सांगायचंस!”

“काय सांगायचं? मी आलो तेव्हा अण्णा धुरात उभे होते, लहान पोरासारखे रडत होते. तू मला शिव्या घातल्यास, महिनाभर बोलली नसतीस, मग बोलली असतीस. त्यांना घातल्या असत्यास तर ते पुन्हा या खोलीत आले नसते. आणि आईला रोज भरवतं कोण? मी की तू? अण्णाच ना!”

चिमीनं त्याच्या दंडावर एक जोरदार गुद्दा मारला आणि तिथेच कपाळ टेकवून हमसून हमसून रडली. दादा म्हणाला, “बास, बास, शर्ट धुवायला मीच टाकणार आहे.”

वहिनींनी डावा हात पुढे केला. तो अण्णांपर्यंत पोचत नव्हता. आत्यानं खुर्ची ढकलली, तेव्हा पोचला.

५

स्वस्तरावाला खरं काय ते कळल्यावर तो दुकान बंद करून स्वतः आला. “बसली की चालली हे मी पुन्हा म्हणालो तर माझी जीभ छाटा,” म्हणाला, आणि त्यांना एका दुरुस्तीवाल्या बाईंकडे घेऊन गेला. त्या नुसत्या मेलेल्या डिस्कांवर काम करायच्या. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो काळा डाग बराच वेळ निरखला. अण्णा त्यांच्या समोर उभे होते, फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

“हा रखवालदार आहे,” बाई म्हणाल्या. “या पट्टीवर मुद्दाम बसवतात. जास्त वीज आली की सगळी स्वतःच्या अंगावर घेतो आणि पुढे जाऊ देत नाही. हा जळून वाटेत आडवा पडलाय, म्हणून तुमचा कंप्युटर चालूच होईना. याला काढते. आतलं बहुतेक शाबूत असेल.”

“बहुतेक म्हणजे?” आत्यानं विचारलं.

“बहुतेक म्हणजे बहुतेक. आणि चालू झाली की आधी तिची दुसरी प्रत काढा, मग काय रडायचं-हसायचं ते करा.”

बाहेर पडताना चिमीनं दादाची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

डिस्क चालू झाली. चिमीनं तिच्या दोन प्रती काढल्या, आत्याच्या सांगण्यावरून तिसरीही. मग तिनं वहिनींची खुर्ची टेबलाशी आणली, अण्णांना शेजारी बसवलं, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

“आम्ही बाहेर थांबतो,” ती म्हणाली. “तुम्ही दोघंच ऐका.”

दाराबाहेर तिघं उभी राहिली, आत्या मध्ये. आतून खरखर आली. मग वहिनींचा तो आवाज, भरदार, खणखणीत, वर्षभरात या घरानं न ऐकलेला. आत्यानं पदर तोंडाशी धरला. आवाजानं एक ओळ म्हटली. मागून कुणा लहान मुलीनं तीच म्हटली आणि वरचा सूर पार घसरवला.

“चुकलं,” तो आवाज म्हणाला. “हरकत नाही. पुन्हा.”

मुलीनं पुन्हा म्हटलं, पुन्हा घसरली.

“चुकलं. हरकत नाही. पुन्हा.”

मग आत अण्णांनी काहीतरी दाबलं असावं, कारण रेकॉर्डिंग थांबलं. आतून अण्णांचं रडणं ऐकू आलं, आणि बराच वेळ दुसरं काहीच नाही. चिमीनं दाराची कडी धरली. दादानं तिचा हात मागे ओढला.

आणि तेव्हा तो आवाज आला. जाड, गंजलेला, पण नेमका त्याच सुरावर.

“हर... कत... ना... ही.”

“परत लावलं त्यांनी,” चिमी पुटपुटली.

दादानं नाही म्हणून मान हलवली.

“चिमे,” आत्या म्हणाली, “हे डिस्कवरचं नाहीये.”